मेस्त्रींचा कायमचा ओटा

मेस्त्रींनी उभ्या आयुष्यात राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, दोन-तीन हॉस्पिटलं बांधली आणि एकदा तर वादळासकट समुद्र बांधला. यातलं प्रत्येक बांधकाम खेळ संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी मोडलं आणि ट्रकमध्ये भरून पुढच्या गावाला नेलं. नाटक कंपनीचे सेट उभे करणं हा त्यांचा धंदा होता. या धंद्यात भिंत किती वर्षं टिकेल असं कोणी विचारत नाही. नायिका तिला टेकून रडेपर्यंत टिकली की झालं.

या धंद्याचा एक नियम मेस्त्रींच्या हाडीमाशी भिनला होता : खिळा पूर्ण ठोकायचा नाही. डोकं थोडं बाहेर ठेवायचं, म्हणजे मोडताना पकडीत चटकन सापडतं आणि खिळा ओरडा न करता निघून येतो. नाटकापुरतं हे शहाणपणच म्हणायचं. पण मेस्त्री निवृत्त झाले तरी त्यांचा हात काही निवृत्त झाला नाही. घरातलं कपाट, पुस्तकांची फळी, देवळीतला आरसा, सगळं अर्ध्या खिळ्यांवर उभं होतं. त्या खिळ्यांना अडकून घरातल्या प्रत्येक स्वेटरची बाही उसवली होती. पाहुणे तर पलंगावर बसण्याआधी माईंकडे बघत. माईंनी मान डोलावली की बसत.

माई म्हणजे मेस्त्रींची बायको. त्याच कंपनीत त्यांनी विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगायचं काम केलं होतं. त्यामुळे समोरचा माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच त्याचं वाक्य आपण पुटपुटायचं, अशी त्यांना सवय जडली होती. बहुतेक वेळा वाक्य बरोबर निघे, आणि त्यामुळे लोक आणखीच चिडत.

घराच्या मागच्या दाराबाहेर लाकडी ओटा होता. हे घर घेतलं तेव्हा मेस्त्रींनी एका दुपारी तो उभा केला होता. माई सकाळचा चहा तिथेच घ्यायच्या, कपडे तिथेच वाळत घालायच्या, आणि दुपारी मोडक्या वेताच्या खुर्चीत बसून कुंपणापलीकडच्या दाताच्या डॉक्टरांशी जगाच्या उलाढालींवर बोलायच्या. अर्धं आयुष्य ट्रंका भरण्यात गेलेल्या बाईला, काल जिथे खुर्ची ठेवली होती तिथेच आज ती सापडते, या गोष्टीचं केवढं अप्रूप असतं, ते ज्यांच्या खुर्च्या कधी ट्रकमध्ये चढल्या नाहीत त्यांना कळायचं नाही.

तर त्या ओट्यावर एका सकाळी माई ओल्या चादरींची बादली घेऊन उभ्या असताना पायाखालची फळी कडकन मोडली आणि माईंचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पायाला फक्त खरचटलं, पण पाय काही निघेना. माई जगाचा निरोप घेतल्यासारख्या ओरडल्या असत्या, पण दाराशी मेस्त्री आले आणि पहिलं वाक्य बोलले, "हलू नकोस, फळी खराब होईल."

"फळी खराब होईल?"

"अगं, म्हणजे आणखी खराब होईल."

त्याच वेळी लेक दारात उभी राहिली. ती रविवारची भाजी घेऊन आली होती. आईचा एक पाय जमिनीवर, एक पाय जमिनीखाली आणि बाप खाली बसून फळीची चौकशी करतोय, हे दृश्य तिने पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच ठेवली.

आईला बाहेर काढून, जखमेवर औषध लावून झाल्यावर तिने जुनाच विषय पुन्हा काढला. तिच्या इमारतीत नवव्या मजल्यावर तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होत होता. घर विकून आई-बाबांनी तिथे यायचं, हा तिचा हट्ट. जावई लिफ्टच्या कंपनीत कामाला होते. जमिनीवर राहणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून काळजी वाटे.

"आई, हे घर आता," लेक म्हणाली.

"तुमच्याच्याने सांभाळणं होत नाही," माई पुटपुटल्या.

"आई! माझं वाक्य मला बोलू दे! तुमच्याच्याने सांभाळणं होत नाही."

"तेच म्हटलं मी."

"मग पटतंय ना?"

"मी तुझं वाक्य सांगितलं. माझं अजून बाकी आहे." माईंनी पाय खुर्चीवर ठेवला. "मी कुठेही जाणार नाही. आयुष्यभर ट्रंका भरल्या. आता ट्रंकेवर फुलदाणी ठेवली आहे, ती उचलायची नाही."

लेक रडवेली झाली. तिचंही खरं होतं. तिच्या डोळ्यांपुढे अजून तो जमिनीखालचा पाय होता. शेवटी संध्याकाळी तिला न्यायला आलेल्या जावयांनी तोडगा काढला. त्यांच्या कंपनीत नवी लिफ्ट तयार झाली की तिच्यात वजन ठेवून चाचणी घेतात. इथेही तसंच करायचं. बाबांनी नवा ओटा बांधावा. महिनाअखेर जावई स्वतः त्यावर उभे राहून उड्या मारतील. ओटा टिकला, तर आई-बाबा इथे राहतील. मोडला, तर नववा मजला.

जावयांचा देह अशा चाचणीसाठीच घडवलेला होता. माईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मेस्त्रींकडे पाहिलं.

रात्रीची भांडी आवरता आवरता त्या म्हणाल्या, "अहो, या वेळी नाटकातला नको हं. खरा ओटा बांधा. कायमचा."

"म्हणजे कसा?"

हा प्रश्न मेस्त्रींनी इतक्या प्रामाणिकपणे विचारला की माई हातातलं ताट पुसायचं विसरल्या.

जुना ओटा पाडायला हत्यारं लागलीच नाहीत. मेस्त्री बोटाने खिळे उपसत होते आणि प्रत्येक खिळ्याला शाबासकी देत होते.

"बघ, बघ, कसा लोण्यातून निघावा तसा निघतोय!"

"अहो, ओटा निघण्यासाठी नसतो, राहण्यासाठी असतो."

"पण काम किती सफाईचं आहे ते बघ की."

कुंपणापलीकडून दाताचे डॉक्टर पाहत होते. दवाखान्याला सुट्टी असली की ते स्वस्थ बसू शकत नसत. त्यांनी मान उंच करून एका खांबाच्या बुडाशी बघितलं. "मेस्त्री, मुळापर्यंत किडलंय. वरून मसाला भरून उपयोग नाही. सगळं काढा."

फळ्या उलटल्या तेव्हा खालून संगमरवर निघाला. म्हणजे रंगवलेला. त्यात गुलाबी शिरा होत्या, सोनेरी किनार होती. मेस्त्रींनी त्या काळी कंपनीच्या भंगारातला राजवाड्याचा जिना कापून ओटा केला होता. एका फळीवर खडूने लिहिलेलं होतं, 'अंक दुसरा, डावीकडून प्रवेश'. इतकी वर्षं आपण राजवाड्याच्या जिन्यावर टॉवेल वाळत घालत होतो, हे कळल्यावर माईंना हसू आवरेना. फळ्यांखालच्या मातीत कपड्यांचे चिमटे, चमचे, डॉक्टरांच्या नातवाचा चेंडू आणि चपलांचे एकेकटे जोडीदार सापडले. माईंनी चपला धुऊन ओळीने उन्हात ठेवल्या. एकही कोणाशी जुळेना. तरी त्यांनी फेकल्या नाहीत. या घरात सुटा पडलेला माणूसही सहसा फेकला जात नसे.

मग वखारीतून खरं लाकूड आलं. जाड वासे, रुंद फळ्या, ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. मेस्त्रींच्या अंगात पंचविशीतलं वारं शिरलं. ते पहाटे उठू लागले, जेवताना ताटाच्या कडेला बोटाने आराखडे काढू लागले, आणि एका रात्री झोपेत, "डावी बाजू चढवा, डावी!" असं ओरडून माईंना ढकलून पलंगाच्या उजव्या बाजूला घेऊन गेले. माई खूश होत्या. रोज दुपारी त्या चहा घेऊन जात आणि न चुकता विचारत, "खिळे पूर्ण ठोकताय ना?"

"खिळा दिसला तर नाव बदलीन," मेस्त्री म्हणत.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मागच्या दाराबाहेर ताडपत्री टांगली. पडदा उघडेपर्यंत कोणी बघायचं नाही. या एका बाबतीत माईंनी त्यांना कधी टोकलं नव्हतं. कलावंताला पडद्यामागे थोडं एकटं सोडावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. कलावंत पडद्यामागे एकटा सुटला की काय करून बसतो, हेही खरं तर त्यांना ठाऊक होतं. पण आनंदात माणूस अर्धंच आठवतो.

महिनाअखेरीला मंडळी जमली. मेस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. डॉक्टर कुंपणाला वळसा घालून रीतसर पुढच्या दाराने आले. ताडपत्री सुर्रकन बाजूला झाली.

ओटा देखणा होता. फळ्या एकमेकींना अशा बिलगल्या होत्या की मधून पोस्टकार्ड जाऊ नये. कठडा हाताला मऊ लागत होता. दारातून ओट्यावर यायला उंबऱ्याची अडचण नव्हती. आणि कुठेही, एकही खिळा वर डोकावत नव्हता.

जावई बूट काढून वर चढले. पहिली उडी त्यांनी सासऱ्यांचा मान ठेवून मारली. दुसरी कंपनीचा मान ठेवून. तिसऱ्या उडीला डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरला, कुंपणावरचं मांजर पलीकडच्या आळीत गेलं. पण ओट्यातून हूं की चूं निघालं नाही.

"भक्कम," जावई धापा टाकत म्हणाले. "आमच्या लिफ्टसुद्धा इतक्या," आणि इथे त्यांना नोकरीची आठवण होऊन ते थांबले.

लेकीने आईकडे पाहिलं. दिलेला शब्द मोडणारी ती नव्हती. "ठीक आहे आई. जिंकलीस. राहा इथे."

माईंनी लेकीला जवळ घेतलं, जावयांना जवळ घेतलं आणि त्या भरात डॉक्टरांनाही घेणार होत्या, पण त्यांनी वेळीच चष्मा पुसायला घेतला. चहा झाला. सगळे ओट्यावर बसले. ऊन छान होतं. इथवर आलेली गोष्ट इथेच थांबली असती तर मेस्त्रींच्या नावाचा डंका वाजला असता. पण डॉक्टरांनी कपातला शेवटचा घोट घेत साध्या कुतूहलाने विचारलं,

"मेस्त्री, एवढं घट्ट बसलंय, आणि खिळा एक दिसत नाही. ही काय जादू?"

मेस्त्रींचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सेटबद्दल विचारत होतं. एरवी लोक नटांबद्दल विचारतात.

"सगळ्यांनी जरा खाली उतरा," ते म्हणाले. "कप घेऊन उतरा."

ते गुडघ्यावर बसले. ओट्याच्या पोटात हात घालून त्यांनी बोल्टवरचा पंख असलेला एक नट बोटाने फिरवला. मग दुसरा. मग एक लोखंडी कडी सर्रकन उपसली. कठडा घडी होऊन त्यांच्या हातात आला. फळ्या चौकटींसकट दारांसारख्या उचलल्या गेल्या, वासे खाचांतून सुटले, आणि बघता बघता, लेकीच्या कपातला चहा निवायच्या आत, अख्खा ओटा घराच्या भिंतीला टेकून ओळीने उभा राहिला. प्रत्येक भागावर खडूने आकडा होता. अंगणात फक्त माती उरली, आणि तिच्या मधोमध हात पसरून मेस्त्री.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. जावयांनीही वाजवल्या. माईंनी मात्र टाळी वाजवली नाही, कारण लेकीचं पुढचं वाक्य त्यांना लेकीच्या आधी ऐकू आलं होतं, आणि या वेळी ते पुटपुटायची हिंमत त्यांना होईना.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "म्हणजे हा कुठेही नेता येतो?"

"कुठेही!" मेस्त्री उत्साहात म्हणाले. "एक टेम्पो पुरे!"

"नवव्या मजल्यावर? त्या फ्लॅटला मोकळी गच्ची आहे बाबा. एवढीच!"

"का नाही? लिफ्टमध्ये मावला की झालं."

"मावेल," जावई म्हणाले. "मापं द्या फक्त."

"आई, ऐकलंस?" लेकीचा चेहरा फुलला होता. त्यात लबाडी तिळभर नव्हती, हेच तर दुखणं. "तुला ओटा सोडायचा नव्हता ना? मग ओटाच घेऊन जाऊ! तुझी खुर्ची, तुझा चहा, सगळं तस्संच. फक्त वर!"

मेस्त्रींचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. आपण कुठल्या प्रसंगाचा पडदा उघडून बसलो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी माईंकडे पाहिलं. माई आत निघून गेल्या होत्या.

स्वयंपाकघरात माई ओट्याकडे, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. हाच एक या घरात गवंड्याने बांधलेला होता.

"अगं, ऐक ना."

"काय ऐकू? किती नंबरचा भाग आधी चढवायचा ते?"

"मी कायमचाच बांधायला बसलो होतो. शप्पथ. खिळा घेतला, हातोडा उचलला. शेवटचा ठोका आला की हात थांबायचा. हे काम शिकवताना उस्ताद म्हणायचे, पूर्ण बसलेला खिळा म्हणजे पुढच्या गावाची चोरी."

"अहो, पुढचं गाव नाही आता!" माई वळल्या. "हेच गाव! इथेच मरायचंय आपल्याला, मजेत! मला अशी एक वस्तू द्या की जी पुढच्या गावाला नेताच येणार नाही. एक!"

"माझ्याच्याने होत नाही गं," मेस्त्री म्हणाले. एवढा खरा संवाद त्यांच्या कंपनीत कधी कोणी बोललं नव्हतं.

माईंनी त्यांच्या कमरेचा हातोडा काढून घेतला.

"कोणता भाग आधी?" त्यांनी विचारलं.

"पाच... पण तू?"

"तुम्ही जोडा. मी ठोकते."

माईंनी जन्मात खिळा ठोकला नव्हता. मेस्त्रींच्या घरात ती सोय नव्हती. ओटा पुन्हा उभा राहिला आणि माई फतकल मारून फळीवर बसल्या. पहिला ठोका खिळ्याला लागला, दुसरा फळीला, तिसरा हवेला. चौथ्याला खिळा कमरेत वाकला. माईंनी त्याला तसाच, आडवा, फळीत झोपवला आणि वरून आणखी दोन ठोके दिले.

मेस्त्रींच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"वाकला गं तो. काढतो मी."

"हात लावाल तर बघा."

दुसरा खिळा डावीकडे गेला. तिसरा आत जाऊन फळीच्या पोटातच वळला असावा, कारण त्याचं टोक भलतीकडूनच बाहेर आलं. माईंनी तेही ठोकलं. डॉक्टर जवळ येऊन वाकले, एक खिळा चिमटीत धरून हलवून पाहिला आणि आदराने मागे सरले.

"वाकडी मुळं," ते म्हणाले. "असला दात आला की आम्ही पेशंटला सांगतो, राहू द्या, तुमच्याबरोबरच जाईल."

"माई," जावई चिंतेने म्हणाले, "हा ओटा आता उचलायचा झाला तर?"

"करवत लागेल," मेस्त्री खोल आवाजात म्हणाले. "नाहीतर स्फोट."

माई हसल्या. आधी नुसत्या हसल्या, मग हातोडा मांडीवर ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पुन्हा ठोकू लागल्या. नट, कड्या, खाचा, मेस्त्रींची सगळी कारागिरी माईंच्या अडाणी खिळ्यांखाली एकेक करून कायमची जेरबंद होत होती, आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचा चेहरा उजळत होता. केसांत भुसा होता, चष्मा कपाळावर गेला होता, जीभ दातांत धरली होती.

लेक पायरीवर उभी राहून बघत होती. इतके महिने आईला कसं समजवावं याचा ती विचार करत होती. आईला काय हवंय हे बघायचं राहून गेलं होतं. तिच्या डोळ्यांपुढचा तो जमिनीखालचा पाय आता दिसेनासा झाला. तिथे आता ही बाई बसली होती, घाव घालत, जमिनीच्या वर, चांगली ऐसपैस.

"सरक," लेक म्हणाली आणि शेजारी येऊन बसली. "मला दे एक."

"बोट सांभाळ."

"तुझं वाक्य मी आधीच ओळखलं होतं." लेकीने खिळा धरला. तिचाही वाकला. घराण्याची कला म्हणायची. दोघी एकमेकींच्या खिळ्यांना नावं ठेवत पुढे पुढे सरकत राहिल्या. जावई हलणाऱ्या फळीवर वजन म्हणून उभे राहत, सांगतील तिकडे सरकत. मेस्त्री थोडा वेळ तोंड फिरवून उभे होते. मग त्यांना राहवेना. त्यांनी एक खिळा मागून घेतला, सरळ धरला, तीन ठोके मारले आणि सवयीने थांबले. डोकं बाहेर होतं. मेस्त्रींनी डोळे मिटले आणि चौथा ठोका मारला. मग हळूच अंगठा फिरवून पाहिला. फळी सपाट लागली. ते बराच वेळ तिथेच अंगठा ठेवून बसले होते. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नसावं, कारण नंतर त्यांनी दुसरा खिळा न विचारताच उचलला.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक होते. आई-बाबांचं काय ठरलं, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणत होते. ओट्यावरची ठोकाठोक थांबली.

"नाही हो," लेक म्हणाली. हातोडा तिच्या दुसऱ्या हातात होता. "जमणार नाही. सामान हलण्यासारखं नाही... नाही, नाही, मजूर लावूनसुद्धा नाही हलणार."

पलीकडून त्यांनी विचारलं असावं, असं काय जड आहे, कारण लेक म्हणाली, "आमची आई."

तिने फोन बाजूला ठेवला, ठेचलेलं बोट तोंडात घातलं, आणि ओट्यावरून डोळा फिरवला.

"आई, तो दुसरा डबा दे गं खिळ्यांचा. या कोपऱ्यात अजून जागा आहे."